'पोस्ट'ची रक्कम भलत्याच खात्यावर

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शब्दांवरचं जे छोटं सदर येतं, ते मी नेमाने वाचते. गेल्या रविवारी त्यात इंग्रजीतल्या 'पोस्ट' या शब्दाची जन्मकथा होती. कथा थोडक्यात अशी: पूर्वी रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर लाकडी खांब रोवलेले असत. जासूद तिथे येऊन घोडा खांबाला बांधी आणि थैली पुढच्या स्वाराच्या हवाली करी. खांबाला इंग्रजीत पोस्ट म्हणतात, म्हणून टपालही पोस्ट झालं. आणि टपालात पत्र टाकतात तशी आज आपण समाजमाध्यमांवर पोस्ट टाकतो. सोबत घोडा, खांब आणि थैली यांचं झकास चित्रही होतं. चित्रकाराच्या हाताला माझी हरकत नाही. बाकी सगळ्याला आहे.

मी निवृत्त हिशेबनीस. संगणक येण्याआधी रोजकीर्दीतल्या, म्हणजे दिवसाच्या व्यवहारांच्या वहीतल्या, नोंदी खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, उतरवणं हे माझं रोजचं काम, आणि पुस्तकात त्याला काहीही नाव असो, आम्ही सगळे 'पोस्टिंग'च म्हणायचो. या कामातली सगळ्यात छळवादी चूक कोणती, तर रक्कम बरोबर, बाजू बरोबर, खातं मात्र भलतंच. नावे टाकायची रक्कम नावेच पडलेली असते, फक्त एकाऐवजी दुसऱ्याच्या पानावर. अशा वेळी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा, बिनबोभाट जुळते. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या येतात, वरिष्ठ सही करतात, सगळे घरी जातात. चूक उजेडात येते ती ज्याच्या नावावर नको ती रक्कम पडली तो माणूस भांडायला आल्यावर. आपल्या सदरातली कथा नेमकी या जातीची आहे. घोडे होते, स्वार होते, ठरावीक अंतरावरचे टप्पे होते, खांबाला पोस्ट म्हणतात हेही खरं. तेरीज जुळते. खातं चुकलंय. म्हणून भांडायला आले आहे.

इंग्रजीत 'पोस्ट' या नावाचा एक खातेदार नाही, निदान तीन आहेत. नाव एक, बाप वेगळे.

माझ्याकडे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची 1971 सालची छोटी आवृत्ती आहे. छोटी म्हणजे काय, तर तेरा खंडांचा मजकूर आक्रसून एकेका पानावर चार-चार पानं बसवलेली, दोन जाडजूड खंड, आणि खोक्याच्या वरच्या खणात एक भिंग. भिंगाशिवाय ते पुस्तक म्हणजे मुंग्यांची रांग. ते डोळ्याला लावून 'पोस्ट' काढलं की पहिल्यांदा दिसतं ते हे, की कोशकारांनी त्याला एक शब्द मानलेलंच नाही. त्याच स्पेलिंगची नामं क्रमांक घालून वेगवेगळी मांडली आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याची वंशावळ दिली आहे.

खांबाचं घराणं सगळ्यात जुनं. लॅटिनमध्ये 'पोस्टिस' म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. जो पुढे येऊन उभा राहतो तो, असा त्याचा धात्वर्थ लावतात. हा शब्द जुन्या इंग्रजीतच येऊन बसला होता, म्हणजे त्याचं तिथलं वास्तव्य हजार वर्षांच्या वरचं.

टपालाचा पोस्ट त्या मानाने कालचा. त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'पोनेरे', म्हणजे ठेवणं, या क्रियापदात. त्याचं भूतकाळी स्त्रीलिंगी रूप 'पोसिता', ठेवलेली. बोलता बोलता मधला स्वर गळाला आणि इटालियनमध्ये 'पोस्ता' झालं. काय ठेवलेलं? तर वाटेत जागोजागी सज्ज ठेवलेले घोडे आणि स्वार, आणि मग ते जिथे ठेवले ते ठिकाण. 1490 साली मॅक्सिमिलियन राजासाठी आजच्या ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकपासून आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेनपर्यंत अशी टप्प्याटप्प्यांची डाक बसवली ती टॅक्सिस घराण्याने, आणि हे घराणं मूळचं इटलीचं. डाकेची व्यवस्था आल्प्स ओलांडून उत्तरेत पसरली तसा तिचा इटालियन शब्दही पसरला. इटलीतून फ्रान्स, फ्रान्समधून इंग्लंड, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला.

नोकरीतली पोस्ट, लष्करातली चौकी आणि 'अमक्याचं पोस्टिंग तमक्या ठिकाणी झालं' यातलं पोस्टिंग हेही त्याच 'पोनेरे'चं अपत्य. फक्त नपुंसकलिंगी रूपातून, इटालियन 'पोस्तो'वरून आलेलं. म्हणजे टपालाचं सख्खं भावंड. खांबाशी त्याचाही काही संबंध नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, शेजारच्या भाषांना विचारा. इंग्रजीत हे सगळे एकाच पोशाखात फिरतात म्हणून ओळख पटत नाही. फ्रेंचमध्ये टपाल म्हणजे 'ला पोस्त', स्त्रीलिंगी. हुद्दा किंवा चौकी म्हणजे 'ल पोस्त', पुल्लिंगी. आणि खांब? त्याला फ्रेंच माणूस 'पोतो' म्हणतो. इटालियनमध्ये 'ला पोस्ता' आणि 'इल पोस्तो' असे दोघं भाऊबहीण आहेत. खांबाला निराळाच शब्द आहे. ज्या भाषेत टपालाचा शब्द घडला, त्याच भाषेत खांबाला पोस्ट म्हणत नाहीत! एवढ्यावरच खरं तर हे प्रकरण मिटायला हवं.

पण जर्मन भाषा आणखी पुढे जाऊन लेखी पुरावाच देते. तिथे टपाल 'पोस्ट'. पहारेकरी, हुद्दा, शिवाय हिशेबातली बाब (हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले) 'पोस्टेन'. आणि खांब 'प्फोस्टेन'. त्या 'प्फ'कडे नीट बघा. जर्मनच्या इतिहासात एक काळ असा येऊन गेला की शब्दाच्या आरंभीच्या 'प'चा 'प्फ' झाला. लॅटिनमधून आलेलं 'प्लांटा', म्हणजे रोप, त्याचं 'प्फ्लान्झं' झालं. 'पोर्टा', म्हणजे दार, त्याचं 'प्फोर्टं' झालं. तो बदल होऊन गेल्यानंतर, शेकडो वर्षांनी जे शब्द आले त्यांचा 'प' शाबूत राहिला. खांब 'प्फ' घेऊन फिरतो, म्हणजे तो त्या बदलाच्या आधी आलेला. टपालाचा 'प' कोरा करकरीत, म्हणजे ते फार नंतर आलेलं. आवक-जावक बारनिशीतल्या तारखांइतकी ही गोष्ट स्वच्छ आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायला घरात कुणी तयार श्रोता मिळाला नाही, म्हणून आपल्याला सांगते आहे.

आता घोड्यांकडे. सदरातल्या चित्रात घोडा भर माळावरच्या एकाकी खांबाला बांधला आहे. घोडे असे बदलत नसत. दमलेल्या घोड्याला तबेला लागतो, चारा-पाणी लागतं आणि ताजा घोडा खोगीर चढवून तयार लागतो. म्हणून इंग्लंडातल्या टप्प्यांवरचा पोस्टमास्तर हा बहुधा सरायवालाच असे. आठव्या हेन्रीने सर ब्रायन ट्यूक यांना 'मास्टर ऑफ द पोस्ट्स' केलं, तेव्हा त्या पदनामातले 'पोस्ट्स' म्हणजे लाकडं नव्हेत. त्या काळच्या इंग्रजीत पोस्ट म्हणजे नेमल्या जागी घोड्यासह हजर असलेला माणूस. ही व्यवस्था होती राजाच्या कागदांसाठी. सामान्य लोकांची पत्रं तिच्यातून रीतसर न्यायला परवानगी मिळाली ती 1635 मध्ये, पहिल्या चार्ल्सच्या काळात.

आठव्या हेन्रीच्या घराण्याच्या, म्हणजे ट्यूडर, काळातल्या तातडीच्या पत्रांवर बाहेरच्या बाजूला लिहिलेलं आढळतं: 'हेस्ट, पोस्ट, हेस्ट'. म्हणजे 'पळ, स्वारा, पळ'. पुढे कधी कधी 'जिवाची पर्वा असेल तर' अशी पुरवणी, आणि काही पत्रांवर तर अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं म्हणून फासाचं चित्र काढलेलं. टपालाच्या या कथेत खांब शोधायचाच असेल तर तो हा, फाशीचा. वाटेतल्या माणसाला दिलेली ही हाकच पुढे एक शब्द होऊन बसली. आज इंग्रजीत 'पोस्ट-हेस्ट' म्हणजे घाईघाईने, आणि तो वापरणाऱ्याला त्यामागचा धापा टाकणारा घोडा दिसत नाही.

घाईचा हा अर्थ काही काळ इतका बळकट होता की 'पोस्ट करणं' म्हणजे दौडत जाणं. वडिलांच्या मृत्यूनंतर आईने चुलत्याशी उरकलेल्या लग्नाबद्दल हॅम्लेट चरफडतो तेव्हा तिच्या घाईसाठी तो हेच क्रियापद वापरतो. 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणी स्वतःला जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या 'पोस्टर' म्हणवतात. भिंतीवर चिकटवायचा पोस्टर नव्हे, भरधाव जाणारी ती पोस्टर. भिंतीवरच्या पोस्टरला अजून दोनशे वर्षांहून जास्त अवकाश होता.

शेक्सपिअरच्याच 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये, म्हणजे 1590च्या दशकात, एक नोकर मालकिणीचा निरोप घेऊन धन्याकडे येतो. (तो धनी त्याचा नव्हेच, पण जुळ्यांच्या नाटकात एवढं चालायचंच.) तो म्हणतो, मी बाईंकडून 'पोस्ट' आलोय, म्हणजे तातडीने. आणि तुम्हाला न घेता परत गेलो तर खरोखरीचा 'पोस्ट' होईन, म्हणजे खांब, कारण तुमच्या अपराधाचा हिशेब बाई माझ्या टाळक्यावर मांडतील. हा विनोद कळायला तेव्हाची एक रीत ठाऊक हवी. इंग्लंडातल्या दारूच्या गुत्त्यांत गिऱ्हाइकांची उधारी दाराच्या खांबावर खडूने मांडून ठेवत. एकेक पेला, एकेक रेघ. गिऱ्हाईक येता-जाता आपली बाकी बघणार, आणि दुसऱ्यांचीही. हिशेबनीस म्हणून मला त्या खांबाचं भारी कौतुक वाटतं. ना पान क्रमांक, ना तेरीज, आणि वसुली बहुधा आमच्यापेक्षा चांगली.

इथे आपल्या सदरलेखकांना नवा मोह होईल, म्हणून आधीच सांगते. खतावणीतलं 'पोस्टिंग' या उधारीच्या खांबावरून आलेलं नाही. सतराव्या शतकात हा शब्द जमाखर्चात रुजला तो घोड्यांच्या बाजूने. रक्कम रोजकीर्दीतून उचलायची आणि खतावणीतल्या तिच्या मुक्कामी पोचवायची, असा तो अर्थ. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांना ते पटवून द्यावं लागत नाही. प्रत्येक नोंदीशेजारी पानाच्या आकड्याचा एक अरुंद रकाना असतो. रोजकीर्दीत लिहायचं खतावणीचं पान, खतावणीत लिहायचं रोजकीर्दीचं पान. कुठून निघाली आणि कुठे पोचली, दोन्हीकडे पोच. आकडा घातला नसेल तर ती नोंद अजून वाटेत आहे असं समजायचं. जेवायला उठण्यापूर्वी हा रकाना भरायचा, अशी मी नव्या मुलांना सक्त ताकीद देत असे.

'कीप मी पोस्टेड' म्हणतात ते याच वहीतून आलंय. लोकांना वाटतं, पत्र टाकत राहा असं सांगताहेत. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा प्रयोग रूढ झाला तो 'वही आजपर्यंत लिहून पुरी ठेवलेली' या अर्थावरून. माणसाचं डोकं ही खतावणी, तीत शेवटची नोंद आजचीच हवी. आज ही मागणी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी एखादी वही वेळेवर पुरी केली असेल, पण ते जाऊ द्या.

वर्तमानपत्रांचा आणि या शब्दाचा संबंध आपल्या सदरात आलाच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. इंग्लंडात छापखान्यांवरच्या परवान्याचा कायदा 1695 मध्ये संपला आणि लंडनमध्ये लगोलग 'पोस्ट बॉय', 'पोस्ट मॅन', 'फ्लाइंग पोस्ट' अशी वर्तमानपत्रं निघाली. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी, कारण लंडनहून बाहेरगावी टपाल सुटायचे वार ते होते. अंक घोड्यावर चढला नाही तर गावोगावचा वाचक गेला. अलेक्झांडर हॅमिल्टनने 1801 मध्ये न्यूयॉर्कला काढलेलं 'ईव्हनिंग पोस्ट' असो की 1877चं 'वॉशिंग्टन पोस्ट', नाव त्याच वळणाचं. आपल्याकडेही 'वृत्तपत्र' म्हणताना त्यात पत्र आहेच.

गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये लोक 'पोस्ट' म्हणतात आणि ते आणून देणारी संस्था 'रॉयल मेल'. अमेरिकेत लोक 'मेल' म्हणतात आणि आणून देते 'पोस्टल सर्व्हिस'. 'मेल' म्हणजे मुळात नुसती थैली.

खांबाच्या बाजूची जी मिळकत आहे ती मात्र त्याला पुरेपूर द्यायला हवी, तोही माझा अशील आहे. सतराव्या शतकात जाहीरनामे, नोटिसा, पुस्तकविक्रेत्यांची नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं असं सगळं रस्त्यावरच्या खांबांना चिकटवत. खांबाला लावलं ते 'पोस्ट' केलं. मग भिंतीवर लावलं तरी पोस्टच. द्वंद्वयुद्धाचं आव्हान टाळणाऱ्याचं नाव भित्रा म्हणून असं जाहीर लावून त्याची अब्रू काढायची, त्यालाही 'पोस्ट करणं' हाच शब्द. तिथून एकोणिसाव्या शतकात छापील पोस्टर. शर्यतीच्या शेवटचा खांब, फुटबॉलच्या गोलाचे खांब, दिव्याचे खांब ही सगळी मंडळी याच घरची. ब्रिटनच्या निवडणूक पद्धतीला 'फर्स्ट पास्ट द पोस्ट' म्हणतात, ते घोड्यांच्या शर्यतीवरून. खरं पाहता त्या पद्धतीत खांबच नसतो. अमुक इतकी मतं मिळाली की जिंकलात, अशी कुठलीच रेषा नाही. इतरांपेक्षा एक जास्त मिळालं की पुरे. तरीही नाव टिकलंय.

सदरलेखक कदाचित म्हणतील, मग लाल टपालपेटीचं काय? ती तर खांबच आहे! बरोबर. 1852 मध्ये चॅनल बेटांपैकी जर्सीवर रस्त्यातल्या टपालपेट्या प्रथम बसवल्या गेल्या. सुचवणारा अँथनी ट्रोलोप हा टपाल खात्यातला अधिकारी. कादंबरीकार म्हणून त्याचं नाव पुढे जास्त झालं. पुढच्याच वर्षी त्या मुख्य भूमीवर आल्या. पण इंग्रजांनी त्या खांबाला खांब म्हणून नाव दिलं ते 'पिलर', म्हणून 'पिलर बॉक्स'. 'पोस्ट बॉक्स'मधला पोस्ट टपालाचाच. लोखंडाचा खांब समोर उभा असूनही भाषेने खात्यांची सरमिसळ केली नाही.

'लास्ट पोस्ट' या बिगुलाबद्दलही एक ओळ लिहिते. बेल्जियममधल्या ईपर गावच्या मेनिन गेटपाशी 1928 पासून रोज रात्री आठ वाजता पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांसाठी तो वाजवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्याच्या काळात तेवढा खंड पडला. त्यातला पोस्ट म्हणजे पहाऱ्याची चौकी. रात्रीची गस्त सगळ्या चौक्या तपासून शेवटच्या चौकीला पोचली, दिवस संपला, एवढाच मूळचा इशारा. शेवटचं पत्र वगैरे अर्थ लोक आपल्या मनाने जोडतात.

आता तिसरा खातेदार. हा नामच नव्हे, उपसर्ग आहे: लॅटिन 'पोस्ट', म्हणजे नंतर. घड्याळातलं 'पी. एम.' म्हणजे पोस्ट मेरिडिएम, मध्यान्हीनंतर. पोस्टमॉर्टेम, पोस्टग्रॅज्युएट वगैरे सर्वांना माहीत आहेत. मला त्यातला सर्वांत आवडता शब्द 'पोस्टपोन'. आम्ही दिवसातून दहादा उच्चारतो त्या या शब्दात पुढे आहे 'नंतर' म्हणणारा पोस्ट, आणि मागे 'पोन' म्हणजे तेच 'पोनेरे', टपालाची जननी. नंतर ठेवणं. दोन वेगळ्या घराण्यांचे वारस एका शब्दात शेजारी शेजारी बसलेत आणि एकमेकांत मिसळलेले नाहीत. (बागेतल्या 'कंपोस्ट'मध्येही 'पोनेरे'च आहे, एकत्र ठेवलेलं. तिथेही कुणी खांब शोधू नये.)

आणि याच उपसर्गाच्या घरात एक जुनी चूक कायमची राहायला आली आहे. ही चूक आठवते म्हणून मी एवढं लांब पत्र लिहिते आहे, नाहीतर एका शब्दापायी कोण कागद काळे करतं. लॅटिनमध्ये 'पोस्टुमुस' म्हणजे सगळ्यात शेवटचा. बापाच्या पश्चात जन्मलेल्या मुलालाही तो शब्द लावत. कुणा विद्वानांना वाटलं, यात 'हुमुस', म्हणजे माती, असणार. बाप मातीआड गेल्यावर झालेला तो. कल्पना सुरेख होती, अर्थही चपखल बसला, तेरीज जुळली. म्हणून त्यांनी शब्दात एक 'एच' घुसवला. आज इंग्रजीत मरणोत्तर या अर्थाचा 'पोस्ट्युमस' लिहिताना जगभरची मुलं तो 'एच' पाठ करतात. उच्चारात तो नाही, मुळातही नव्हता. कुणाच्या तरी सुरेख कल्पनेचं ते व्याज आहे आणि शतकानुशतकं भरलं जातंय. छापलेली चूक तोंडी चुकीपेक्षा चिवट असते, हे आपल्याला मी सांगायला नको.

राहता राहिली समाजमाध्यमांवरची पोस्ट. ती टपालाची वारस आहे, असं सदरात म्हटलं होतं. इथे तर जमेची रक्कम चक्क खर्चात पडली आहे. 1978 च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी दूरध्वनीच्या तारेवरून वापरता येईल अशी संगणकाची एक सोय चालू केली आणि तिचं नाव ठेवलं 'बुलेटिन बोर्ड', म्हणजे सूचनाफलक. कल्पना अशी, की फलकावर टाचणीने कागद लावतात तसा मजकूर इथे लावायचा; येणारा-जाणारा वाचेल. फलकावर कागद लावण्याला इंग्रजीत पूर्वीपासून शब्द होताच: पोस्ट करणं. म्हणजे आजच्या पडद्यावरच्या पोस्टचा पूर्वज तो रस्त्यातला लाकडी खांब. एका माणसाने एकालाच पाठवायच्या मजकुराला मात्र टपालाचा शब्द मिळाला, ई-मेल. म्हणजे सदरलेखकांनी खांब जिथे नव्हता तिथे रोवला आणि जिथे होता तिथून उपटला. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून बेरीज बरोबर वाटते. अशाही चुका मी पाहिल्यात, आणि शोधायला त्याच सर्वांत अवघड.

माझी विनंती एवढीच: पुढच्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी, तेवढ्याच टायपात दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर तळाशी चौकटीत नको, ती कुणी वाचत नाही. चित्र पुन्हा वापरायचं झालं तर चित्रकारांना खांब पुसून तिथे सरायचं दार काढायला सांगावं. घोडा छानच आहे. आणि हे पत्र जागेअभावी कापावं लागलं तर शेक्सपिअर कापा, मेनिन गेट कापा, मी खुर्चीत सरसावून बसले तेही कापा. जर्मन 'प्फ' तेवढा राहू द्या.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस